तासगावच्या कचेरीत आपला इतिहास कुठल्या कपाटात आहे?

३ सप्टेंबर जवळ आला की तासगाव तालुक्यात १९४२ च्या मोर्चाची आठवण निघते. निघायलाच हवी. 'चले जाव'च्या त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून हजारो माणसे तासगावात जमली, मामलेदार कचेरीवर चालून गेली आणि तिथे तिरंगा लागला. सहाच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या घातल्या. पुढे याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. या इतिहासाचा अभिमान कुणालाही वाटावा.

पण त्याच दिवसांत एक प्रश्न आमच्या पोरांच्या तोंडावर फेकला जातो. "तेव्हा तुमचे लोक कुठे होते? तुमचे बाबासाहेब तर इंग्रजांच्या मंत्रिमंडळात होते!" प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असते, गप्प बसवायचे असते. आणि आपली पोरे काय करतात? काही मान खाली घालून निघून जातात. काही मोबाईल काढतात आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली कुणीतरी चिकटवलेले एखादे वाक्य पाठवून देतात. ते वाक्य बाबासाहेबांनी कुठे लिहिले, कधी म्हटले, कोणत्या खंडात आहे, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते. समोरच्याने "पुरावा दाखव" म्हटले की तिथेच सगळे संपते.

ज्या माणसाने आयुष्यभर पुराव्याशिवाय एक ओळ लिहिली नाही, त्याच्या नावाने आपण बिनपुराव्याची वाक्ये फिरवतो. ही आपली चूक आहे आणि ती आपणच दुरुस्त केली पाहिजे. म्हणून आज भाषण नको. एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या, प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. वरचाच प्रश्न हातात घेऊ आणि त्याचे उत्तर कोणत्या प्रकारच्या साधनांत सापडते, कोणत्या साधनावर किती विश्वास ठेवायचा, ते पाहू.

साधन म्हणजे काय?

संशोधनाच्या पुस्तकांत साधनांचे तीन प्रकार सांगतात. प्राथमिक, दुय्यम आणि तृतीयक. परीक्षेपुरते हे पाठ करून मुले विसरून जातात. खरे तर गोष्ट साधी आहे. घटना घडली तेव्हा किंवा त्या घटनेत असलेल्या माणसाकडून जे तयार झाले ते प्राथमिक साधन. पत्र, सरकारी फाईल, शाळेचे रजिस्टर, सातबारा, त्या दिवसांचे वर्तमानपत्र, फोटो, आत्मकथन ही सगळी प्राथमिक साधने. ती वाचून, पडताळून नंतर कुणी अभ्यासकाने लिहिलेला ग्रंथ किंवा लेख म्हणजे दुय्यम साधन. आणि त्या ग्रंथांचा सारांश देणारे कोश, सूची, संदर्भग्रंथ ही तृतीयक साधने.

इथे एक गैरसमज पहिल्यांदाच काढून टाकू. प्राथमिक म्हणजे खरे आणि दुय्यम म्हणजे कमी खरे, असे मुळीच नाही. प्राथमिक साधन घटनेच्या जवळचे असते, एवढेच. पोलिसांचा अहवाल प्राथमिक साधन आहे, म्हणून पोलीस खरे बोलतात असे कोण म्हणेल? साधन कोणी केले, कशासाठी केले, कोणासाठी केले आणि त्यात कोणाला बोलू दिले नाही, हे चार प्रश्न प्रत्येक कागदाला विचारायचे. शूद्र-अतिशूद्रांच्या इतिहासात चौथा प्रश्न सगळ्यात मोठा.

१९४२ चे कागद कुठे आहेत?

आधी एक व्यवहारी गोष्ट. १९४२ साली सांगली जिल्हा अस्तित्वात नव्हता. तासगाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. म्हणून जुना कागद 'सांगली' या नावाखाली शोधाल तर हात रिकामे येतील. 'सातारा' शोधा. कागद नाही असे वाटते तेव्हा पुष्कळदा आपण चुकीच्या कपाटापुढे उभे असतो.

पहिले कपाट सरकारचे. मुंबई सरकारच्या गृह विभागाच्या 'स्पेशल' फायलींत चळवळींची माहिती आहे. त्या मुंबईत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आहेत. या फायलींत तारीख, ठिकाण, अटक झालेल्यांची नावे चांगली सापडतात. पण ती लिहिणारा हात सरकारी नोकराचा आहे. जमाव किती मोठा होता हे लिहिताना त्याला आपली कातडी वाचवायची असते. अटक न झालेला माणूस त्याच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो.

दुसरे कपाट आठवणींचे. लढ्यातल्या माणसांनी नंतर लिहिलेल्या, सांगितलेल्या हकिकती. तासगावच्या मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी घातली ही गोष्ट या भागात आजही रंगवून सांगतात. पत्रकार पी. साईनाथ यांनी कुंडलचे कॅप्टन भाऊ आणि नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई पाटील यांच्याशी त्यांच्या उतारवयात बोलून त्यांच्या हकिकती नोंदवल्या. कॅप्टन भाऊ आणि हौसाबाई दोघेही आता नाहीत. ते काम वेळेवर झाले म्हणून त्यांचे शब्द राहिले. आठवणींत भावना खरी असते, तारखा आणि आकडे मात्र दुसरीकडे ताडून घ्यावे लागतात.

तिसरे कपाट वर्तमानपत्रांचे, आणि इथे आपले स्वतःचे घर आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढले, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आणि २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता'. १९४२ साली 'जनता' चालू होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे अंक कुणी सातारा जिल्ह्याच्या बातम्यांसाठी ओळ न् ओळ वाचले, तर तो एकटाच एक लेख होईल. वर्गणीदारांचा पत्ता, सभेची सूचना, गावकीच्या जुलमाची चार ओळींची तक्रार, हे सगळे पुरावे आहेत.

आता "मंत्रिमंडळात होते" या टोमण्याकडे येऊ. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले, हे सत्य आहे. ते लपवण्याचे काही कारण नाही. त्याच महिन्यात नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली हेही सत्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी त्या खुर्चीवरून काय केले, ते महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या दहाव्या खंडात आहे. टोमणा मारणाऱ्याने तो उघडला नाही, हे आपण समजू शकतो. आपण का उघडत नाही?

कचेरीचा खरा नोकर कोण होता?

पण सगळ्यात मोठे उत्तर चौथ्या कपाटात आहे आणि ते कपाट त्याच तासगावच्या कचेरीत आहे, जिच्यावर मोर्चा गेला होता. महसूल दप्तर. गाव नमुना ३ म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, नमुना ६ म्हणजे फेरफार, आणि सातबारा. यांत महार वतनाच्या नोंदी सापडतात.

वतन म्हणजे काय होते, हे आजच्या पोरांना सांगावे लागते. तोकड्या इनाम जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात महाराने गावाचे आणि सरकारचे काम करायचे. टपाल तालुक्याला पोचवायचे, वसुलाच्या रकमेबरोबर जायचे, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे. रात्र म्हणायची नाही, दिवस म्हणायचा नाही. घरातला एक नसला तर दुसऱ्याने जायचे. १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधिलकी पक्की केली होती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले. ते पुढे त्यांना मागे घ्यावे लागले. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार वतन बंद करून जमिनी रयताव्याने दिल्या होत्या. ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात मात्र ते संपायला स्वातंत्र्य यावे लागले आणि त्यानंतरही १९५८ चा कनिष्ठ गावनोकर वतने रद्द करण्याचा कायदा यावा लागला. कोल्हापूर आणि तासगाव यांत अंतर किती? आणि मुक्तीत फरक चाळीस वर्षांचा!

आता प्रश्न पुन्हा वाचा. "१९४२ ला तुमचे लोक कुठे होते?" जो माणूस कायद्याने त्याच कचेरीच्या कामाला जुंपलेला होता, ज्याची जमीन, ज्याचे पोट त्या कामावर होते, त्याने कचेरीवर मोर्चा नेणे आणि स्वतःच्या शेताचा मालक असलेल्याने नेणे, या दोन गोष्टी सारख्या आहेत का? आपले कोणी मोर्चात नव्हते असे मी म्हणत नाही. होते असेही ठोकून देत नाही. ते शोधायचे आहे, नावानिशी, गावानिशी. पण "कुठे होते" याआधी "कशाने बांधलेले होते" हे विचारावे लागते. आणि ते सांगणारा कागद पोलिसांच्या फायलीत मिळणार नाही, महसूल दप्तरात मिळेल. बरोबर प्रश्नाला बरोबर साधन लागते, ते असे.

कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही

आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यातलेच आणखी एक उदाहरण घेऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, बाबासाहेबांनी इंग्रजी पहिलीत प्रवेश घेतला. रजिस्टरमध्ये १९१४ क्रमांकाला 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. २०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. हे उत्तम प्राथमिक साधन आहे.

आता दुसरीकडे चरित्रांत येणारी गोष्ट पाहा. मूळ आडनाव आंबडवेकर, आणि शाळेतल्या आंबेडकर नावाच्या शिक्षकांनी प्रेमापोटी आपले आडनाव मुलाला लावले. ही गोष्ट आपण सगळे सांगतो. पण संशोधकाने थांबून विचारायचे की रजिस्टरने नेमके काय सिद्ध झाले? शाळेच्या दप्तरात आडनाव 'आंबेडकर' आहे, एवढे सिद्ध झाले. ते कोणी बदलले, का बदलले, प्रवेशाच्या दिवशी तसेच लिहिले की आधीच्या शाळेतून तसे आले, हे त्या एका ओळीतून कळत नाही. त्यासाठी दुसरी साधने लागतात. कागद जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडी घाला.

आता आठवणीचे उदाहरण. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे बाबासाहेबांचे छोटे आत्मकथनपर लिखाण. हस्तलिखित त्यांच्या पश्चात राहिले, १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने छापले आणि पुढे लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात आले. त्यात १९०१ च्या सुमाराची हकिकत आहे. वडील रामजी सुभेदार दुष्काळी कामावर खजिनदार होते, त्यांना भेटायला मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली, मसूर स्टेशनवर उतरली, आणि जात कळताच गाडीवान मिळेना, पाणी मिळेना. अस्पृश्यतेचा याहून जवळचा पुरावा कोणता? पण छापील इंग्रजी मजकुरात वडिलांच्या गावाचे नाव 'खटाव तालुक्यातील कोरेगाव' असे आहे, तर चरित्रांत 'गोरेगाव'. कोरेगाव हे स्वतःच तालुक्याचे गाव, खटाव तालुक्यात नाही, आणि त्याला स्वतःचे रेल्वे स्टेशन आहे. तिकडे जायचे असते तर मसूरला कशाला उतरले असते? नकाशा आणि रेल्वेमार्ग समोर ठेवला की गोरेगाव जास्त पटते. एका अक्षराच्या फरकाने हकिकत खोटी ठरते का? अजिबात नाही. पाणी नाकारले हे सत्य तसेच राहते. पण हा फरक आपण आधी दाखवला नाही, तर उद्या दुसरा कोणी दाखवेल आणि त्याच्या आडून सगळी हकिकतच संशयात ढकलेल. आपल्या साधनाची कसून तपासणी आपणच करायची, ती यासाठी.

दुसऱ्याचे पुस्तक वाचताना

दुय्यम साधनांशिवाय काम होत नाही. प्रतिसरकारवर ए. बी. शिंदे यांचा इंग्रजी ग्रंथ आहे. डॉ. गेल ऑम्वेट यांनी तर अमेरिकेतून येऊन वाळवा तालुक्यातले कासेगाव आपले घर केले. १९७६ मध्ये निघालेल्या त्यांच्या ब्राह्मणेतर चळवळीवरच्या प्रबंधग्रंथाने सत्यशोधकांचा इतिहास जगापुढे नेला, आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारवरही त्यांनी लिहिले. बाबासाहेबांच्या चरित्रांत धनंजय कीर आहेत आणि सातारा जिल्ह्यातलेच चांगदेव खैरमोडे आहेत, ज्यांनी अनेक खंडांचे चरित्र लिहिताना पत्रे आणि मुलाखती गोळा केल्या. असा ग्रंथ वाचताना निष्कर्षाच्या आधी तळटीपा वाचा. लेखकाने कोणत्या फायली पाहिल्या, कोणाशी बोलला, कोणाशी बोललाच नाही, ते तिथे कळते. महारवाड्यात, मांगवाड्यात तो गेला होता का, हेही कळते.

तृतीयक साधने म्हणजे सुरुवातीचा रस्ता. मराठी विश्वकोशाचे काम आपल्याच वाईतून झाले, पहिला खंड १९७६ चा. नोंद वाचा, दिशा घ्या, पुढे चला. प्रबंधात विश्वकोश किंवा विकिपीडिया हाच शेवटचा पुरावा म्हणून देऊ नका. १८८५ चे सातारा गॅझेटियर मात्र जपून हाताळा. संकलन म्हणून ते संदर्भग्रंथ आहे, पण साहेबाच्या राज्याला महार-मांग कसे दिसत होते याचे ते प्राथमिक साधनही आहे. आमच्या चालीरीतींविषयी त्यात जे लिहिले आहे, ते आम्हाला विचारून लिहिलेले नाही. एकच पुस्तक तुमचा प्रश्न बदलला की प्रकार बदलते, हे त्यावरून शिका.

तेच कादंबरीचे. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंची १९५९ ची 'फकिरा' बाबासाहेबांना अर्पण केलेली आहे. अमुक दिवशी अमुक घडले याचा पुरावा म्हणून कादंबरी चालत नाही. पण मांगवाड्याने आपली भूक आणि आपला मान कसा पाहिला, याचा तिच्याइतका पुरावा कोणत्याही सरकारी फायलीत नाही.

आणि पैसे भरले की आठ दिवसांत लेख छापून देणारी ती जर्नले? त्यांच्यावर आयएसएसएन क्रमांक असतो. तो क्रमांक म्हणजे लेख कुणी तपासला याची खूण नव्हे. तिथला संदर्भ घेण्याआधी मूळ साधन स्वतः पाहा.

पेटीतले कागद

शेवटी आपल्या वस्तीत या. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हाच पेच मांडला आहे. ज्यांना लिहूच दिले नाही, त्यांच्या इतिहासाचा थेट पुरावा मिळत नाही, मग इतिहासकाराने हात जोडून बसायचे का? त्यांनी बसणे नाकारले. मिळालेल्या दुव्यांवरून तर्काने मधला दुवा जोडला आणि तो तर्क आहे हे उघडपणे सांगितले. हा प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे.

आपल्याकडे तर दुवे अजून जिवंत आहेत. आजीच्या पत्र्याच्या पेटीत वतनाची पावती असते, पलटणीतला आजोबांचा डिस्चार्ज कागद असतो, १९५६ च्या धम्मदीक्षेला नागपूरला गेलेल्या कुणाचा फोटो असतो, एखादी हस्तलिखित जलशाची वही असते. घर बांधताना ते सगळे रद्दीत जाते. आणि मग मुलाच्या जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागितला की सगळे घर तालुक्याला हेलपाटे घालते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी राज्यभर जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी वाचणारी माणसे शोधावी लागली. कागदाची किंमत तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला कळली. आपल्याला ती आधी कळायला हवी होती.

म्हणून तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे. मोडी शिका, पुराभिलेख विभाग तिचे वर्ग घेतो. कचेरीत नकलेचा अर्ज करा, टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार आहे. आपल्या गावातल्या ऐंशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाशी बोला, त्याची परवानगी घेऊन बोलणे रेकॉर्ड करा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. पेटीतल्या कागदाचा फोटो काढा, मूळ कागद घरातच राहू द्या. कुठून मिळाला, कोणाकडे आहे, याची चिठ्ठी त्या फोटोसोबत ठेवा. नाहीतर वीस वर्षांनी तोही एक बिनपुराव्याचा फॉरवर्डच होईल.

पुढच्या ३ सप्टेंबरला कुणी पुन्हा विचारेल, "तुमचे लोक कुठे होते?" तेव्हा ओरडू नका. त्याला तासगावच्या कचेरीत घेऊन जा. जिथे झेंडा लागला ती जागा आदराने दाखवा. मग आतल्या दप्तरातली नमुना ३ ची वही मागवा आणि म्हणा, आमची माणसे इथे आहेत, वाच.

जय भीम!